पुणे महापालिका: कुणाचा अधिकार, कुणाचं टेबल

पुण्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसाची महापालिकेशी पहिली गाठ बहुतेक पाणी, कचरा किंवा मिळकतकर यांपैकी एका कारणानं पडते. तक्रार खरी असते, पण अनेकदा भलत्याच दारात जाते. मिळकतकराची आकारणी बदलून द्या म्हणून लोक नगरसेवकाला गाठतात, क्षेत्रीय कार्यालयात रेशनकार्डाची चौकशी करतात, महामार्गावरच्या खड्ड्यासाठी महापौरांना पत्र लिहितात. ज्याच्या हातात अधिकारच नाही त्याच्यापुढे अर्ज गेला की तो पडून राहतो, आणि माणूस ‘इथे काही होत नाही’ असं ठरवून गप्प बसतो. ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून अधिकार कायद्यानं कुणाकडे आहे आणि कागद कुठे द्यायचा, ते इथे क्रमानं मांडतो.

पायरी पहिली: आपण नक्की कुणाच्या हद्दीत आहोत?

पत्त्यावर ‘पुणे’ लिहिलं म्हणजे घर पुणे महापालिकेत आलं असं नाही. बालेवाडी पुणे महापालिकेत आहे. मुळा ओलांडून वाकडला गेलात की पिंपरी-चिंचवड महापालिका लागते. ती १९८२ पासूनची वेगळी महापालिका आहे, तिचे आयुक्त वेगळे आणि नगरसेवकही वेगळे. हिंजवडीला ग्रामपंचायत आहे. कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, खडकी बाजार खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. कॅन्टोन्मेंटचा कायदा केंद्राचा, २००६ चा, आणि ही मंडळं संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. तिथल्या गटाराची तक्रार शिवाजीनगरच्या मनपा भवनात नेली तर ती तशीच परत येईल.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी तर हे नीट तपासूनच घ्यावं. २०१७ मध्ये धायरी, लोहगाव, उंड्री धरून ११ गावं महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोली यांच्यासह आणखी २३ आली. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. २३ गावांच्या बाबतीत आणखी एक गुंता झाला. गावं महापालिकेत आली, पण विकास आराखड्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नेमलं गेलं. त्यामुळे कचरा उचलणारी संस्था एक आणि इमारतीला परवानगी देणारी दुसरी, अशी स्थिती तिथल्या रहिवाशांनी अनुभवली. अशा गावात फ्लॅट घेत असाल, तर बांधकाम परवानगीच्या कागदावर कोणत्या प्राधिकरणाचा शिक्का आहे ते आधी बघा.

हद्द ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मिळकतकराचं बिल. घरमालकाकडून किंवा सोसायटीच्या कार्यालयातून त्याची एक प्रत मागून घ्या. बिल कुणाचं आहे ते त्यावर ठळक छापलेलं असतं, आणि मिळकत क्रमांकही तिथेच सापडतो. हा क्रमांक पुढे प्रत्येक कामात लागणार आहे.

पायरी दुसरी: हे काम महापालिकेचं आहे का?

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० ला अस्तित्वात आली. तिचा कारभार चालतो तो १९४९ च्या कायद्यानुसार. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. जुने अधिकारी बोलताना अजूनही ‘बीपीएमसी ॲक्ट’ म्हणतात, तो हाच.

या कायद्यातली दोन कलमं नागरिकानं लक्षात ठेवावीत. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत: पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्त्यांची झाडलोट, कचरा, पथदिवे, अग्निशमन, स्मशानभूमी, प्राथमिक शिक्षण, जन्म-मृत्यूची नोंद, धोकादायक इमारतींबाबतची कारवाई. ही कामं करायची की नाही, असा पर्यायच महापालिकेला नाही. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं येतात, म्हणजे उद्यानं, नाट्यगृहं, ग्रंथालयं, संग्रहालयं. बालगंधर्व रंगमंदिर किंवा कात्रजचं प्राणिसंग्रहालय या दुसऱ्या प्रकारात मोडतात. अर्ज लिहिताना हा फरक उपयोगी पडतो. नळाला पाणी येत नसेल तर ‘कृपया विचार व्हावा’ असं लिहू नका. ‘कलम ६३ नुसार हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे’ असं लिहा.

आता जे महापालिकेचं नाही ते. पोलीस आणि वाहतूक नियमन राज्याच्या गृह विभागाकडे. वीज महावितरणकडे. रेशनकार्ड राज्याच्या अन्नधान्य वितरण कार्यालयाकडे. दुकान काढणार असाल तर ज्याला सगळे ‘शॉप ॲक्ट’ म्हणतात ती नोंदणी पुण्यात राज्याचा कामगार विभाग करतो. ससून रुग्णालय राज्य शासनाचं, पण कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचं. कात्रज ते देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. मेट्रो महामेट्रोची. पीएमपीएमएल ही २००७ मध्ये दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून केलेली कंपनी आहे. तिच्यात दोन्ही महापालिकांची भागीदारी असली, तरी बसची तक्रार कंपनीकडेच करायची.

पाण्याचं मात्र जरा थांबून समजून घ्यायला हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं राज्याच्या जलसंपदा विभागाची. महापालिका त्यातून मंजूर कोट्याप्रमाणे पाणी उचलते आणि त्याचे पैसे भरते. याच धरणांवर दौंड-इंदापूरकडची शेतीही अवलंबून आहे. धरणात किती पाणी शिल्लक आहे आणि शहराला किती द्यायचं, हा प्रश्न राज्य पातळीवर सुटतो. उचललेलं पाणी तुमच्या टाकीपर्यंत किती दाबानं आणि किती वेळ येतं, याची जबाबदारी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाची. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची पद्धत पुण्यात जुनी आहे, तेव्हा बुधवारी संध्याकाळी बातमी बघायची सवय लावून घ्या.

पायरी तिसरी: निर्णय कोण घेतं, अंमल कोण करतं?

हा भाग नीट कळला की बाकीचं सोपं जातं. कायद्यानं महापालिकेचे अधिकार एकाच माणसाच्या हातात दिलेले नाहीत. मुख्य तीन अधिकारस्थानं आहेत.

पहिलं, निवडून आलेल्या सगळ्या नगरसेवकांची सभा. इतर शहरांत तिला सर्वसाधारण सभा म्हणतात, पुण्यात मुख्य सभा. महिन्याला किमान एक सभा व्हावी लागते. धोरण, कराचे दर, अंदाजपत्रकाला अंतिम मंजुरी, विकास आराखड्यातले बदल हे विषय इथे येतात. अध्यक्षस्थानी महापौर असतात. त्यांची मुदत अडीच वर्षांची, आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव ते सोडतीनं ठरतं. महापौर शहराचे प्रथम नागरिक असले, तरी रोजच्या कारभाराचे कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे नाहीत. महापौर सही करतील आणि रस्ता होईल, असं या कायद्यात नाही.

दुसरं, स्थायी समिती. १६ सदस्य, आठवड्याला किमान एक बैठक, दर वर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि अध्यक्ष दर वर्षी निवडला जातो. महापालिकेच्या तिजोरीची किल्ली इथे असते. ठरावीक रकमेवरच्या निविदा आणि करार स्थायीच्या मान्यतेशिवाय पुढे सरकत नाहीत. आयुक्तांनी तयार केलेलं अंदाजपत्रकही आधी स्थायीकडे येतं, तिथे त्यात भर-घट होते आणि मग ते मुख्य सभेत जातं. पुण्यातल्या राजकारणात महापौरपदाइतकीच चुरस स्थायीच्या अध्यक्षपदासाठी असते, ती यामुळेच.

तिसरं अधिकारस्थान म्हणजे महापालिका आयुक्त. हे भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी असतात आणि त्यांना राज्य शासन नेमतं, महापालिका नेमत नाही. सगळा कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे. परवाने, नोटिसा, अतिक्रमण कारवाई, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण, सगळं त्यांच्या नावानं चालतं, आणि ते हे अधिकार लेखी आदेशानं खालच्या अधिकाऱ्यांना सोपवतात. एखादं संकट ओढवलं, लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला, तर कलम ६७(३)(क) खाली आयुक्त आधी काम करून नंतर स्थायी आणि मुख्य सभेला कळवू शकतात. आयुक्त नकोत असं वाटलं तर मुख्य सभेला एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतांनी तसा ठराव करता येतो, आणि मग शासनाला त्यांना परत बोलवावं लागतं. एवढं बहुमत जमवणं सोपं नाही.

आयुक्तांच्या हाताखाली अतिरिक्त आयुक्त, मग उपायुक्त आणि विभागप्रमुख. त्यांच्याबरोबरच नगरसचिव आणि मुख्य लेखापरीक्षक ही दोन पदंही माहीत असू द्या. सभांच्या कार्यपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त नगरसचिवांच्या कार्यालयात मिळतात. अमुक विषयावर मुख्य सभेनं काय ठरवलं, हे ऐकीव माहितीवर सोडू नका. ठराव क्रमांक काढा आणि मूळ ठराव वाचा.

या तिघांच्या वर राज्य शासन आहेच. कलम ४५१ नुसार महापालिकेचा ठराव शासन निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. हा अधिकार सामान्य घरापर्यंत कसा पोचतो, ते पुण्याच्या मिळकतकरात स्वच्छ दिसतं. मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत देण्याचा निर्णय मुख्य सभेनं १९७० मध्ये घेतला होता. पुणेकरांच्या दोन पिढ्यांनी त्या सवलतीच्या दरानं कर भरला. लेखापरीक्षणात आक्षेप आले आणि २०१९ मध्ये शासनानं तो ठराव विखंडित केला. ज्यांची नवी आकारणी त्यानंतर झाली त्यांना पूर्ण दरानं बिलं गेली. जुन्या लोकांच्या डोक्यावर फरकाच्या रकमेची टांगती तलवार आली. शहरभर ओरड झाली, आंदोलनं झाली, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सवलत पुन्हा सुरू केली. त्या काळात ज्यांनी फक्त करसंकलन कार्यालयाच्या खिडकीवर भांडण केलं त्यांच्या पदरात काही पडलं नाही, कारण खिडकीमागच्या माणसाला हा विषय सोडवण्याचा अधिकारच नव्हता. ज्यांनी मंत्रालयापर्यंत निवेदनं नेली, त्यांनी योग्य दार ठोठावलं होतं.

नव्यानं फ्लॅट घेऊन स्वतः राहायला आलेल्यांना ही सवलत आपोआप लागेलच असं धरून चालू नका. बिलावर ती दिसत नसेल तर पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागतो. सोबत सोसायटीचं ‘मालक स्वतः राहतात’ असं पत्र आणि रहिवासाचा पुरावा जोडायचा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयातल्या मिळकतकर विभागात देता येतो. हे एक काम पहिल्याच वर्षी उरकून टाका. बिल मिळाल्यावर सुरुवातीच्या मुदतीत भरलं तर सर्वसाधारण करात सूट मिळते. थकवलं तर दरमहा २ टक्के शास्ती लागते, आणि ती साचत गेली की मूळ कराइतकी व्हायला वेळ लागत नाही.

बिलाबद्दल एक इशारा. मिळकतकराचं बिल हा मालकीचा पुरावा नाही, आणि बांधकाम अधिकृत असल्याचा तर मुळीच नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, उलट कलम २६७-अ नुसार वर दुप्पट शास्तीही लागू शकते, आणि ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही. ‘बघा, महापालिकेचं बिल येतं’ असं सांगून घर विकणाऱ्याला मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र दाखवायला सांगा.

पायरी चौथी: क्षेत्रीय कार्यालय गाठा

मनपा भवनात सरळ जाण्याची घाई करू नका. शहराची पाच परिमंडळं आणि १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: औंध-बाणेर, कोथरूड-बावधन, वारजे-कर्वेनगर, सिंहगड रस्ता, धनकवडी-सहकारनगर, हडपसर-मुंढवा, नगर रस्ता-वडगाव शेरी, कसबा-विश्रामबागवाडा वगैरे. परिमंडळाला उपायुक्त, क्षेत्रीय कार्यालयाला महापालिका सहायक आयुक्त. लोकांच्या तोंडी हे ‘वॉर्ड ऑफिस’ आणि ‘वॉर्ड ऑफिसर’. रस्त्याची किरकोळ दुरुस्ती, गल्लीतलं ड्रेनेज, कचरा, पदपथावरचं अतिक्रमण, विवाह नोंदणी ही कामं इथेच होतात. मोठे रस्ते, मुख्य जलवाहिन्या, उड्डाणपूल, बांधकाम परवानगी हे मुख्य खात्यांकडे. त्यामुळे खड्डा दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा: रस्ता मोठा की गल्लीचा? मोठा रस्ता पथ विभागाकडे जातो, छोटा क्षेत्रीय कार्यालयाकडे.

साध्या तक्रारीसाठी पीएमसी केअर हे ॲप किंवा १८०० १०३० २२२ हा टोल फ्री क्रमांक पुरतो. तक्रारीचा फोटो आणि टोकन क्रमांक जपून ठेवा. न सोडवताच तक्रार बंद केलेली दिसली तर ती पुन्हा उघडा, आणि त्याच वेळी कागदी अर्ज करा. कागदी अर्जाचं वजन अजूनही वेगळंच आहे.

अर्ज असा असावा. सुरुवातीला ‘प्रति, मा. महापालिका सहायक आयुक्त’, त्याखाली कार्यालयाचं नाव. विषय एका ओळीत, त्यात जागा नेमकी. ‘आमच्या भागात पाणी साचते’ असं लिहून उपयोग नाही. ‘अमुक सोसायटीच्या फाटकासमोरील पावसाळी गटाराची जाळी तुटल्याबाबत’ असं लिहा. मजकूर दहा ओळींच्या आत. आधीच्या तक्रारीचा टोकन क्रमांक, तारीख, दोन फोटो. शेवटी ‘केलेल्या कारवाईचे लेखी उत्तर मिळावे’ ही मागणी. दोन प्रती काढा. आवक-जावक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. ही तुमची पोच. तिथला माणूस ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पुढची प्रत्येक पायरी, मग ते अपील असो वा न्यायालय, या एका शिक्क्यावर उभी राहते. टेबलावरच्या माणसाशी मात्र नीट बोला. दिवसभर लोकांचा राग तोच झेलत असतो, आणि फाइल कुठे आहे हेही बहुधा त्यालाच ठाऊक असतं.

पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर पोचीची प्रत जोडून परिमंडळाच्या उपायुक्तांना लिहा, मग संबंधित अतिरिक्त आयुक्तांना. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही विहित नमुन्यात आधी अर्ज देऊन विषय मांडता येतो. माझ्या मते सोसायटीतल्या आठ-दहा जणांनी सही केलेला एक अर्ज, दहा जणांनी वेगवेगळ्या भाषेत केलेल्या दहा अर्जांपेक्षा जास्त काम करतो.

पायरी पाचवी: नगरसेवकाकडे काय मागायचं

मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळपास चार वर्षं, पुण्याला नगरसेवक नव्हते. आयुक्तच प्रशासक होते. मुख्य सभेचे आणि स्थायीचे अधिकारही त्यांच्याकडेच, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीनं महापालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितलं आहे. तरीही हे घडलं. शहरात त्या काळात आलेल्या अनेकांना नगरसेवक म्हणजे काय याचा अनुभवच नाही. म्हणून थोडं सविस्तर.

आता ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. मतदान करताना अ, ब, क, ड अशा जागा दिसतात. हे प्रभागाचे चार तुकडे नाहीत. ती आरक्षणासाठी केलेली जागांची विभागणी आहे. चारही नगरसेवक संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात. ‘तुमची गल्ली माझ्याकडे येत नाही’ असं कुणी म्हटलं तर ते कायद्याला धरून नाही. निवेदन चौघांच्या नावे एकत्र द्या आणि चौघांकडून पोच घ्या.

नगरसेवक अधिकाऱ्याला थेट हुकूम देऊ शकत नाही, पण मुख्य सभेत लेखी प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकात तुमच्या रस्त्यासाठी तरतूद आणू शकतो आणि प्रभाग समितीत विषय लावू शकतो. तेव्हा मागणी त्या भाषेत करा. ‘काहीतरी करा’ असं मोघम नको. ‘या गल्लीच्या सांडपाणी वाहिनीसाठी पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद सुचवा’ किंवा ‘या कामाची मुदत केव्हा संपली, असा प्रश्न सभेत विचारा’ अशी मागणी हवी. प्रभाग समितीत नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे प्रतिनिधीही नेमता येतात. मतदारांच्या क्षेत्र सभांची तरतूदही कायद्यात आहे, पण ती कागदावरच राहिली आहे. नव्या नगरसेवकांकडे ती अमलात आणण्याचा आग्रह धरायला हवा.

महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी बनत नाही. विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागाची यादी फोडतात. त्यामुळे घर बदललं की निवडणूक आयोगाकडे पत्ता बदलून घ्या. प्रभागात मत असलेल्या माणसाचं निवेदन अधिक गांभीर्यानं वाचलं जातं, हे वास्तव आहे.

नोटीस आली तर

बाल्कनी बंद केली, गच्चीवर शेड टाकली, दुकानासमोर पत्रा काढला, आणि महापालिकेची नोटीस आली. घाबरून ती कपाटात ठेवू नका. कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा. कलम २६० असेल तर ‘काम का पाडू नये’ याची कारणं विचारलेली असतात. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३ असेल तर विनापरवाना विकासाचा आरोप असतो. कलम २६४ धोकादायक इमारतीबद्दल आहे. प्रत्येकात मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी खुलासा, मंजूर नकाशाची प्रत जोडून, पोच घेऊन द्या. नियमात बसत असेल तर नियमितीकरणाचा अर्ज करता येतो. नियमात बसत नसेल तर कुणाच्या ओळखीवर विसंबू नका, स्वतः काढून टाकलेलं बरं.

झाडाचंही तसंच. आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. १९७५ चा कायदा आहे. फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी उद्यान विभागाकडे अर्ज करा.

पायरी सहावी: मुदत आणि माहिती

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवांना दिवसांची मुदत ठरलेली आहे. जन्म दाखला, विवाह नोंदणी, मिळकतकरावर नाव बदलणं अशा सेवांचा तक्ता कार्यालयात लावलेला असावा लागतो. मुदत उलटली किंवा सबळ कारणाशिवाय अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. लोक हा कायदा फार कमी वापरतात, याची मला खंत वाटते. अर्जात ‘लोकसेवा हक्क अधिनियमानुसार’ एवढे शब्द घातले तरी टेबलावरची हालचाल बदलते.

काम कुठे अडलंय हे कळत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, न मिळाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील आणि नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ पुण्यातच आहे. अर्जात ‘का’ विचारू नका, कागद मागा: कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती, दोष-दायित्व कालावधी. रस्ता वर्षभरात उखडला आणि दोष-दायित्व कालावधी चालू असेल, तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. हा एक कागद हातात आला की नव्यानं निधी मागण्याची गरजच उरत नाही.

पायरी सातवी: पैसा ठरतो तेव्हा हजर राहा

२०२५-२६ चं आयुक्तांनी मांडलेलं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. एवढा पैसा येतो कुठून? पूर्वी जकात होती, २०१३ मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी शासनाकडून अनुदान येतं. त्याखेरीज मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क हे मोठे स्रोत आहेत. कराचे पुढच्या वर्षीचे दर कायद्यानुसार २० फेब्रुवारीपर्यंत मुख्य सभेनं ठरवायचे असतात. करवाढीला विरोध करायचा तर जानेवारीत करा. बिल आल्यावर फक्त त्रागा हाती राहतो.

कामं सुचवायची वेळ त्याच्याही आधी येते. २००६ पासून पुणे महापालिका नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा उपक्रम राबवते. देशात हे करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांपैकी पुणे एक आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयातून आणि ऑनलाइन अर्ज निघतात. पदपथ, बसथांब्याची शेड, दिवे, बाक, छोटी गटारं अशी किरकोळ कामं त्यात सुचवता येतात. जागा महापालिकेच्या मालकीची असायला हवी; सोसायटीच्या आवारातली कामं यात बसत नाहीत, आणि बरेच अर्ज नेमके इथेच बाद होतात. अर्ज देण्याआधी त्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलावून काम करता येण्याजोगं आहे का ते विचारून घ्या. अर्ज दिल्यावरही थांबू नका. एप्रिलमध्ये मंजूर अंदाजपत्रकाचं पुस्तक संकेतस्थळावर येतं, त्यात आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची पानं उघडा आणि काम आलंय का ते बघा. आलं असेल तर त्याचा संकेतांक टिपून घ्या आणि पावसाळ्यानंतर त्याच संकेतांकाचा उल्लेख करून निविदा निघाली का ते लेखी विचारा. मार्चअखेर निधी खर्च झाला नाही तर काम पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं.